अंगणातली घुबडं कानाने ओळखताना

रात्री घराजवळ घुबड बोललं की त्याचं वर्णन बहुतेक वेळा 'घूं-घूं करत होतं' एवढंच मिळतं. ओळख पटवायला या वर्णनाचा काही उपयोग होत नाही. महाराष्ट्रात वस्तीला लागून सर्वांत जास्त ऐकू येणारी दोन घुबडं म्हणजे पिंगळा आणि गव्हाणी घुबड. ही दोन्ही घूं-घूं करतच नाहीत. एक कलकलाट करतं, दुसरं खरखरीत किंचाळतं. जी खरोखर घुमतात, ती निदान चार-पाच वेगवेगळ्या जातींची आहेत. म्हणून घुबडांच्या आवाजाच्या नोंदी गोळा करणारे आम्ही नवीन माणसाला पहिल्या दिवशी आवाजाची नक्कल करायला लावत नाही, हातात स्टॉपवॉच देतो.

आवाज लांबून येतो तेव्हा त्यातला बारीक, टोकदार भाग वाटेत विरतो आणि जाड भाग तेवढा उरतो. इमारतीच्या भिंतीवर आपटून आला तर पोत बदलतो. जवळचं छोटं घुबड मोठं वाटतं, लांबचं मोठं घुबड छोटं वाटतं. ताल मात्र टिकतो. एका हाकेत किती सूर आहेत, कोणता लांबवलेला आहे, पुढची हाक किती सेकंदांनी येते, हे पाचशे मीटरवरूनही बरंचसं तसंच पोचतं. म्हणून आधी ताल, मग पट्टी (सूर किती उंच किंवा खालचा) आणि सर्वांत शेवटी आवाजाचा पोत, असा आमचा क्रम आहे.

वेळ दोनदा साधावी लागते. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी सुरुवात होते आणि पुढचा तासभर चांगला जातो. दुसरी वेळ पहाटे चारपासून उजाडेपर्यंतची. मधल्या रात्रीही आवाज येतात, पण त्या भरवशावर बसलं तर झोप जाते आणि नोंदी थोड्या मिळतात. महिन्यांत नोव्हेंबर ते मार्च सर्वांत चांगले. आपल्याकडच्या बऱ्याच घुबडांचा विणीचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्यात येतो, त्यामुळे पाऊस सरला की हद्द सांगणारं आणि जोडीदाराला बोलावणारं ओरडणं वाढतं. पावसाळ्यात बेडूक आणि रातकिडे सगळं झाकून टाकतात. वारा इतका असेल की पानं सतत सळसळतात, तर त्या दिवशी ऐकायचा नाद सोडून द्यावा. अशा रात्री जे ऐकलं असं वाटतं, ते नोंदवण्याजोगं नसतं.

जागा गच्चीची उत्तम, पण कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीला टेकून बसू नये. भिंतीवरून परतलेला आवाज उलट्या बाजूने आल्यासारखा वाटतो आणि पक्षी पूर्वेला असताना आपण पश्चिमेचं झाड न्याहाळत बसतो. पहिली दहा मिनिटं काहीही लिहायचं नाही. कान शांततेला रुळू द्यायचे आणि आसपासचे कायमचे आवाज ओळखून बाजूला ठेवायचे: पंप, ट्रान्सफॉर्मर, एसीचा पंखा, लांबचा हमरस्ता. मोबाइलचा पडदा मंद ठेवावा. प्रकाश लागलाच तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधावा.

हाक ऐकू आली की एका हाकेच्या सुरुवातीपासून पुढच्या हाकेच्या सुरुवातीपर्यंत वेळ मोजायचा. अशी दहा अंतरं टिपायची. सरासरी महत्त्वाची आहेच, पण अंतरं सारखी आहेत की कमी-जास्त होतात हेही तितकंच कामाचं. मग हाकेतले सूर मोजायचे, जोर आणि लांबी कशावर आहे ते पाहायचं, सूर शेवटी वर जातो की खाली येतो ते लिहायचं. दुसरा पक्षी उत्तर देतोय का, हे शेवटी. दिशा काढायला दोन्ही कानांमागे तळहात धरून सावकाश फिरावं. मग तीस-चाळीस पावलं बाजूला जाऊन पुन्हा तसंच करावं. दोन रेषा जिथे मिळतात तिथलं झाड धरायचं. अगदी खर्जातल्या आवाजाला हा उपाय नीट लागू पडत नाही, त्याबद्दल पुढे.

आता एकेक पक्षी.

पिंगळा साधारण एकवीस सेंटीमीटरचा, म्हणजे साळुंकीएवढा, पण गोंगाट त्याच्या आकाराला न शोभणारा. 'चिर्र-चिर्र-चिर्र' असा खरखरीत सुरुवातीचा भाग आणि त्यामागोमाग 'चीवक-चीवक-चीवक'. जोडी एकाच वेळी बोलते, एकमेकांच्या आवाजावर आवाज चढवते, त्यामुळे मोजायला जावं तर अंतरच सापडत नाही. तीच त्याची खूण. संध्याकाळी ढोलीबाहेर पडताना आणि पहाटे परतताना हा कलकलाट हमखास होतो. जुन्या वाड्यांच्या भिंतीतली भोकं, कौलांखालची पोकळी, रस्त्याकडेची वड-चिंचेची झाडं ही त्याची घरं. नवख्या कानाला तो मांजरांचं भांडण वाटतो. मांजरांचा आवाज लांबलचक, चढत जाणारा असतो, पिंगळ्याचा तुटक आणि झपाट्याचा.

गव्हाणी घुबडाविषयी आम्हाला सर्वांत जास्त विचारणा होते, आणि ती जवळजवळ नेहमी आवाज भीतिदायक आहे म्हणून. मोठ्या पक्ष्याची किंचाळी खरखरीत, लांब, एकसुरी असते, सुमारे दीड-दोन सेकंदांची, आणि बऱ्याचदा डोक्यावरून उडता उडता येते. पंखांचा आवाज होत नाही, त्यामुळे पहिली किंचाळी एकीकडे, दुसरी भलतीकडे असा प्रकार होतो. झाडावरून येणारे आवाज ठरावीक जागेवरून येतात, हा जागा बदलतो. एवढ्यावरूनही निम्मी ओळख होते.

पण सोसायट्यांमधला खरा प्रश्न पिल्लांचा असतो. इमारतीच्या डक्टमध्ये, लिफ्टच्या खोलीच्या माळ्यावर, बंद फ्लॅटच्या खिडकीच्या छज्जावर गव्हाणी घुबडं घरटी करतात. पिल्लं भूक लागली की घोरल्यासारखा, फुसफुसता आवाज काढतात आणि तो अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत थांबून थांबून चालू राहतो. साप आहे, गॅस गळतोय, कुणीतरी कोंडलं गेलंय, असे सगळे तर्क लढवले जातात. तपासायचं सोपं आहे. आवाज फक्त अंधारात येतो का? एकाच जागेवरून येतो का? मध्येच पाच-दहा सेकंद तो एकदम वाढून घाईचा होतो का? तसं असेल तर त्या क्षणी आईबापांपैकी कुणीतरी उंदीर घेऊन आलंय. खाली भिंतीवर पांढरे ओघळ आणि जमिनीवर अंगठ्याएवढे काळपट गोळे सापडले तर शंका उरत नाही. त्या गोळ्यांत उंदरांची केसं आणि हाडं असतात. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण दोन महिन्यांत उडायला लागतात. तोवर डक्टला जाळी मारू नये, धूर करू नये, माळा साफ करू नये. पिल्लं उडून गेल्यावर आणि जागा रिकामी असल्याची खात्री झाल्यावर जाळी जरूर बसवावी. पिल्लू खाली पडलं असेल तर खोक्यात कापड घालून उंच, सावलीच्या जागी ठेवावं आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावं. दूध, भात, पाणी चोचीत घालू नये.

शिंगळा हे छोटं, कानांवर पिसांचे तुरे असलेलं घुबड बागांत, आमरायांत, विहिरीकाठच्या दाट झाडांत असतं. गावात ते असल्याचा कुणाला पत्ताही नसतो, कारण त्याचा आवाज बेडकावर ढकलला जातो. 'व्हट?' असा एकच सूर, शेवटी किंचित वर चढणारा, प्रश्न विचारल्यासारखा. मग काही सेकंद शांतता आणि पुन्हा तोच सूर. दोन हाकांमधलं अंतर घड्याळासारखं नेमकं नसतं, थोडं मागेपुढे होतं, पण हे मिनिटांमागून मिनिटं चालू राहतं. बेडूक बहुधा पाण्याजवळून किंवा जमिनीवरून बोलतात, आणि एक बोलला की दहा बोलतात. शिंगळा झाडातून, एकटा बोलतो. कोरड्या जानेवारीत विहिरीवरच्या आंब्यातून 'बेडूक' ऐकू येत असेल तर स्टॉपवॉच काढावं. त्याचा भाऊबंद असलेलं छोटं स्कॉप्स घुबड (ओटस सुनिया) तीन-चार सुरांचा ठेका धरतं, 'टुक्-टोक्-टॉर्रइ' अशा धर्तीचा, आणि तो ठेका न चुकता परत परत येतो. एक सूर की तीन, एवढ्यावर दोघं वेगळी होतात.

आता खर्जातली दोन मोठी घुबडं. यांच्यात सर्वाधिक घोळ होतो. शृंगी घुबड माळरानं, टेकड्यांचे कडे, ओढ्यांच्या घळी, दगडांच्या खाणी यांत राहतं आणि पुण्यासारख्या शहरांच्या कडेला टेकड्यांवरून वस्तीपर्यंत ऐकू येतं. त्याची हाक दोन सुरांची: 'बु-बोऽऽ'. पहिला आखूड, दुसरा चांगला लांबवलेला आणि घुमणारा. मत्स्य घुबड पाणी सोडत नाही. नदी, मोठा ओढा, तलाव आणि काठाला जुनी उंच झाडं अशी त्याची जागा. त्याचा आवाज 'बूम-बूम' किंवा 'बूम-ओ-बूम' असा पोकळ, कण्हल्यासारखा, सुरुवातीला धार नसलेला असतो. शृंगी घुबडाची हाक सुरू झाली तो क्षण टिपता येतो. मत्स्य घुबडाची हाक कधी सुरू झाली ते कळत नाही, ती आपण ऐकायला लागतो तेव्हा चालूच असते.

दोन कारणांनी हे चुकतं. पहिलं म्हणजे अंतर. लांबून मत्स्य घुबडाच्या तीन सुरांपैकी एक-दोनच पोचतात आणि आपण ते 'दोन सुरांचं' लिहून मोकळे होतो. म्हणून खर्जातल्या आवाजाच्या नोंदीत अंदाजे अंतर लिहिल्याशिवाय सुरांची संख्या ग्राह्य धरत नाही. दुसरं कारण दिशा. इतक्या जाड आवाजाची लहर आपल्या डोक्याच्या रुंदीपेक्षा बरीच लांब असते, त्यामुळे दोन कानांना आवाज कमी-जास्त ऐकू येत नाही आणि दिशा फसते. मत्स्य घुबड बोलतं काठावरच्या अर्जुनातून आणि वाटतं समोरच्या डोंगरातून. मग अधिवासावरून केलेला तर्कही उलटा पडतो. यावर उपाय एकच, दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या बाजूने ऐकणं. शृंगी घुबडाच्या घरट्याच्या अगदी जवळ गेलं की चोच वाजवल्याचा टकटक आवाज आणि फुत्कार येतो. तो आला की आल्या पावली मागे फिरावं. घरटं उघड्या जमिनीवर, दगडाच्या आडोशाला असतं आणि पक्षी उठला की अंडी उघडी पडतात.

गावकुसाबाहेरच्या जुन्या आमराया, चिंचबनं, वडाच्या रांगा इथे ठिपकेदार वन घुबड असतं. भुताच्या गोष्टींना जन्म देणारा आवाज कोणता असं विचारलं तर आमचं उत्तर हेच. 'चुहुऽऽआऽऽ' असा मोठा, थरथरता सूर, पहिल्या भागावर जोर आणि पुढे कंप. संध्याकाळ होताच एकाने द्यावा आणि दुसऱ्या झाडावरून जोडीदाराने परतवावा. कंप हाच कळीचा भाग आहे, तो वर सांगितलेल्या दोन्ही मोठ्या घुबडांत नाही. या आवाजाच्या भीतीने झाडं तोडली जातात, ढोलीत पेटतं कापड टाकलं जातं. घरातल्या मोठ्यांना गच्चीवर नेऊन एकदा दोन्ही पक्ष्यांची सवाल-जवाबाची जोडी ऐकवली की भीती बरीच उतरते, असा आमचा अनुभव आहे.

सह्याद्रीच्या कुशीत किंवा कोकणात घर असेल तर आणखी तीन नावं लक्षात ठेवावी लागतात. जंगली पिंगळा सावकाश सुरू करून वेग वाढवत नेणारी कापरी माळ म्हणतो आणि ढगाळ दिवशी भर दुपारीही बोलतो. तपकिरी बहिरी घुबड 'ऊ-उक्, ऊ-उक्' असा मऊ, गोड दोन सुरांचा आवाज ओळीने काढतं, सेकंदाला साधारण एक, सहापासून वीसपर्यंत. तपकिरी वन घुबड दाट झाडीतून खर्जात थरथरणारे चार सूर म्हणतं. नंदुरबार आणि मेळघाटाकडचे वाचक विचारतील तो वनपिंगळा, ज्याला वर्तमानपत्रं रानपिंगळा म्हणतात. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता आणि १९९७ मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. पण तो मुख्यतः दिवसा वावरणारा पक्षी आहे आणि सागाच्या विरळ जंगलात राहतो. रात्री अंगणात ऐकलेल्या आवाजाला त्याचं नाव देऊ नये.

घुबड नसलेले आवाजही तितकेच पाठ हवेत. रातवा 'चक्-चक्-चक्-चकर्र' करतो, फरशीवर पडलेली गोटी उसळत उसळत थांबावी तसा, अंतर शेवटी कमी कमी होत जाणारा. पठारी भागात संध्याकाळी डोक्यावरून 'च्वीऽक' असा धारदार एकेरी आवाज टाकत जाणाराही रातव्याच्याच कुळातला. टिटवी सगळ्यांच्या ओळखीची आहे, पण करवानक नाही. त्याची 'पिक्-पिक्-पिक्' अशी चढत जाणारी शीळ माळावरच्या घरांना रात्री ऐकू येते. पावशा मे-जूनमध्ये मध्यरात्रीही 'पेर्ते व्हा' म्हणतो. भारद्वाजाचा 'हूप-हूप-हूप' हा सर्वांत फसवा, तो खर्जातला आणि ओळीने येणारा असतो. पण तो उजेडात येतो, फार तर पहाटेच्या संधिप्रकाशात.

ध्वनिमुद्रण केल्याशिवाय शंकास्पद नोंद आम्ही स्वीकारत नाही. मोबाइल पुरतो, पण त्याची सेटिंग्ज बदलावी लागतात. मुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. गोंगाट कमी करणारी सोय आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय, दोन्ही बंद. पहिली सोय सलग मंद आवाजाला गोंगाट समजते आणि त्यात मत्स्य घुबड पुसून टाकते. दुसरी शांततेत रातकिडे वर चढवते. ४८ किलोहर्ट्झला मिनिटाला सुमारे ५.८ एमबी, तासाला ३४५ एमबी जागा लागते. रात्रभर ठेवणार असाल तर १६ किलोहर्ट्झही चालतं, तासाला ११५ एमबी. फोन विमान मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, माइकची बाजू झाडाकडे. किमान तीन मिनिटं सलग मुद्रण हवं, नाहीतर अंतरं मोजता येत नाहीत. तारीख, वेळ, जागा आणि दिशा शेवटी स्वतःच्या आवाजात सांगावी, पक्षी बोलत असताना नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवलेला आवाज दाबला जातो, त्यातला तपशील जातो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या संगणक प्रणालीत फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, लावला की ओळख डोळ्यांना पडताळता येते. उभी पट्टी (कंप्रतेची) ० ते ३ किलोहर्ट्झ, खिडकी (विंडो साइज) ४०९६. शिंगळ्याचा सूर एकेक आखूड रेघ म्हणून दिसतो. मोठ्या घुबडांची रेघ ५०० हर्ट्झच्या खाली, आडवी. गव्हाणी घुबडासाठी पट्टी ८ किलोहर्ट्झपर्यंत उघडावी लागते, तिथे रेघ नाही, रुंद पुसट डाग दिसतो. पिंगळा उभ्या फराट्यांची गर्दी. ५०, १००, १५० हर्ट्झवर टोकापासून टोकापर्यंत न तुटलेली सरळ रेघ असेल तर ती विजेची गुणगुण आहे. आम्हाला मत्स्य घुबड म्हणून आलेल्या मुद्रणांत ट्रान्सफॉर्मर निघाला आहे.

मर्लिन किंवा बर्डनेट ही आवाजावरून पक्षी ओळखणारी अ‍ॅप्स वापरावीत, पण जागा आणि तारीख भरूनच, आणि उत्तर सूचना म्हणून घ्यावं. लांबून येणारा खर्जातला आवाज मोबाइलचा माइकच नीट पकडत नाही, त्यामुळे अ‍ॅप गप्प राहिलं म्हणजे घुबड नव्हतं असं होत नाही. पडताळणीसाठी झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या ऑनलाइन संग्रहावरची मुद्रणं ऐकताना भारताच्या, शक्यतो दख्खन आणि सह्याद्रीच्या नोंदी निवडाव्यात.

त्याच मुद्रणांचा स्पीकरवर प्रयोग करू नये. आपल्या हद्दीत परका आला असं समजून नर भांडायला येतो, आणि छोट्या घुबडाचा आवाज वाजवला तर तो ऐकून मोठं घुबड शिकारीला येऊ शकतं. नोव्हेंबर ते एप्रिल तर मुळीच नाही.

नोंद एका ओळीत मावते. तारीख, वेळ, जागा, वारा, अंदाजे अंतर आणि दिशा, सुरांची संख्या, लांब सूर कोणता, दहा अंतरांची सरासरी आणि त्यातला कमी-जास्तपणा, जोडी की एकटा, मुद्रण आहे की नाही. जातीचं नाव शेवटच्या रकान्यात, आणि तो रिकामा राहिला तरी चालतो. 'अनोळखी, दोन सूर, दुसरा लांब, ओढ्याच्या दिशेने' ही नोंद पुढच्या हिवाळ्यात ओळखली जाऊ शकते. घाईने लिहिलेलं नाव मात्र पुढे कुणी तपासत नाही.

घरट्याची अचूक जागा समाजमाध्यमांवर टाकू नये, दिवाळीच्या आधीच्या महिन्यात तर नक्कीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे, तरी लक्ष्मीपूजनाच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी त्यांचा व्यापार होतो आणि पकडणाऱ्यांना पत्ता आयता मिळतो. फोटोत मागची इमारत, पाटी, मंदिराचा कळस येऊ देऊ नये, फाइलमधली जीपीएस माहिती काढून टाकावी आणि सार्वजनिक नोंदीत पिल्लं उडून जाईपर्यंत तालुक्याचं नाव पुरे.